चिठ्ठीची कोरी पाठ

माझ्या औषधांच्या दुकानात एक रबरी शिक्का होता. दुकान विकलं तेव्हा फळ्या, फ्रीज, काउंटर, पंखा, सगळं नव्या मालकाला देऊन टाकलं. शिक्का तेवढा पिशवीत घालून घरी आणला. त्यावर इंग्रजीत ‘औषध दिले’ इतकंच, आणि खाली तारखेसाठी एक रेघ.

या शिक्क्याचं काम आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. काही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात. झोपेच्या गोळ्या, काही खोकल्याची औषधं, कडक वेदनाशामकं. अशी चिठ्ठी आली की औषध द्यायचं, चिठ्ठी उलटी करायची, पाठीवर शिक्का मारायचा, तारीख घालायची, सही करायची. मग तीच चिठ्ठी घेऊन माणूस पुढच्या दुकानात गेला, तर तिथला दुकानदार पाठ बघतो आणि म्हणतो, तुम्हाला मिळालंय, नवी चिठ्ठी आणा. चार सेकंदांचं काम आहे. काही गिऱ्हाइकांच्या बाबतीत मी ते केलं नाही. त्यातल्या एका बाईंची ही हकिकत.

दुकान मल्लेश्वरमला, सासऱ्यांनी काढलेलं. त्यांना औषधांतलं पुष्कळ कळायचं, पण परवान्याला लागणारा कागद नव्हता. फार्मसीचा डिप्लोमा झालेली सून त्यांनी मुद्दाम शोधली, असं माझी नणंद म्हणायची, आणि ते खरं असावं. लग्नानंतर आठव्या दिवशी माझं सर्टिफिकेट चौकटीत बसून धन्वंतरीच्या तसबिरीशेजारी लागलं. धन्वंतरीला हार रोज. सर्टिफिकेटला वर्षातनं एकदा, खंडेनवमीच्या आयुधपूजेला.

आमची घरं इथली फार जुनी. आमची मराठी पुण्याकडच्या लोकांना गमतीची वाटते, वाटू दे. दुकानात कानडी, घरात मराठी, राग आला की दोन्ही. गिऱ्हाइकं मला अक्का म्हणायची आणि निम्म्यांची पोटं, गुडघे, रक्तदाब मला तोंडपाठ असायचे.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. तेव्हा नशा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गटाराकडेला पडलेला माणूस यायचा. औषधाच्या दुकानात उभं राहणाऱ्याला ती निराळी दिसते. तिथे ती इस्त्रीचा शर्ट घालून, रांगेत उभी राहून येते.

कॉलेजातली मुलं खोकल्याचं औषध मागायला यायची. त्यात गुंगी आणणारं एक द्रव्य असतं. चमचाभर घेतलं तर खोकला थांबतो, बाटली रिकामी केली तर बाकीचंही पुष्कळ काही थांबतं. एकदा असाच एकजण आला. पायात महागाचे बूट, डोळे अर्धे मिटलेले.

“अक्का, ते खोकल्याचं. दोन बाटल्या.”

“खोक बघू.”

तो खोकला. बरा खोकला, नाटकात चालला असता.

“कोरडा आहे की ओला?”

त्याने विचार केला. “दोन्ही.”

“मग दोन्ही वेळा वाफ घे. आयतु, झालं, निघ.”

रांगेतली माणसं हसली, तोही हसला आणि गेला. तो मैदानामागच्या दुसऱ्या दुकानात गेला असणार हे मला माहीत होतं. तिथल्या झुडपांत रिकाम्या बाटल्यांचा ढीग असतो, असं झाडूवाली मुनियम्मा सांगायची. पण माझ्या दुकानातनं नाही दिलं, याचा मला अभिमान होता.

एक सरकारी कचेरीतले गृहस्थ दर शनिवारी बायकोसाठी टॉनिक न्यायचे. अशक्तपणा आहे म्हणायचे. त्या टॉनिकात मद्यार्क असतो, हे बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. एक दिवस बायकोच आली, चांगली धडधाकट. “अक्का, माझा अशक्तपणा गेला का हो? घरात नऊ बाटल्या रिकाम्या आहेत, आणि मी अजून एक चमचा घेतलेला नाही.” तिने हे हसत सांगितलं. मग काउंटरला टेकून रडायला लागली. मी पाण्याचा पेला दिला आणि त्या शनिवारपासून टॉनिक देणं बंद केलं.

दुकानाच्या पायरीशी रुद्रम्मा फुलं विकायची. तिचा नवरा सारायीची, म्हणजे गावठी दारूची, पाकिटं प्यायचा. तिने कुठून तरी ऐकलं होतं की एक गोळी सारात घालून दिली, तर प्यायल्याबरोबर माणसाला इतका त्रास होतो की तो दारू सोडतो. अशी गोळी आहे. पण त्या माणसाला माहीत असताना, डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यायची. नकळत दिली आणि त्यावर तो भरपूर प्यायला, तर जीव जाऊ शकतो. मी तिला हे समजावून सांगितलं.

“म्हणजे त्याचा जीव जाईल म्हणून गोळी नाही,” रुद्रम्मा म्हणाली. “आणि तो पिऊन माझा घेतो ते?”

 मी तिला सरकारी इस्पितळातल्या दारू सोडवणाऱ्या विभागाचं नाव कागदावर लिहून दिलं. तिने तो कागद शेवंतीच्या टोपलीत खाली घातला. पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

तर असे लोक. त्यांच्याशी बोलून बोलून माझा कान तयार झाला होता. गोळ्यांची सवय लागलेला माणूस, बाई असो की बुवा, शेवटी एकच वाक्य बोलतो: “एकदम बंद नका करू अक्का, थोड्या द्या, हळूहळू कमी करतो.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याचाही एक शिक्का करून घेता आला असता. वाक्य आलं की माझं काम संपलं. गोळ्या आत, हात काउंटरवर, पुढचं गिऱ्हाईक.

आता इंदिरा टीचर.

त्या गणित शिकवायच्या. आमच्या भागातल्या शाळेत तीस वर्षं. मलाही त्यांनीच शिकवलं. नात्याने आमच्या लांबच्या, घरी मराठीच बोलायचं, पण शाळेत त्या कोणाच्या अक्का नव्हत्या की मावशी नव्हत्या. माझी एक खोड होती: गणित मनात करायचं आणि वहीत नुसतं उत्तर लिहायचं. उत्तर बरोबर असायचं. टीचर निम्मे मार्क कापायच्या. मी एकदा भांडले, उत्तर बरोबर आहे ना मग? त्या म्हणाल्या, “शकू, उत्तर सगळ्यांनाच सापडतं. रीत लिही.”

त्यांचा मुलगा अमेरिकेला. यजमान एका पावसाळ्यात अचानक गेले. मुलगा आला, पंधरा दिवस राहिला, आईला घेऊन जातो म्हणाला. टीचर नाही म्हणाल्या. घर लहान, तीन खोल्या आणि पुढे पारिजातकाचं झाड. वरची खोली भाड्याने दिलेली. “या घरात मी माझ्या पायांनी आले, माझ्या पायांनी बाहेर पडेन,” असं त्यांनी मुलाला माझ्या देखत सांगितलं. त्यानंतर त्यांचा सगळा जीव त्या एका गोष्टीत होता: एकटीने, कोणाचा आधार न घेता, आपल्या घरात राहायचं.

फक्त झोप येत नव्हती. आमच्या भागातल्या जुन्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, पंधरा दिवसांसाठी. ती चिठ्ठी घेऊन टीचर माझ्या दुकानात आल्या. मी उभी राहिले. त्या आल्या की सगळेच उभे राहायचे. गोळ्या कात्रीने पट्टीतनं कापून पाकिटात घातल्या, पाकिटावर नाव लिहिलं. शिक्का हातात घेतला आणि परत ठेवला.

हे कसं सांगावं. ज्या बाईंनी आपल्या वहीवर लाल शाई चालवली, त्यांच्या कागदावर शिक्का मारायचा, म्हणजे ‘टीचर, तुमचा भरवसा नाही’ असं म्हणण्यासारखं वाटलं. मी चिठ्ठी दोन्ही हातांनी परत दिली.

पंधरा दिवसांनी त्या परत आल्या. मग महिन्याने. डॉक्टर तोवर दवाखाना बंद करून मुलाकडे म्हैसूरला गेले होते. तीच चिठ्ठी, घडीवर झिजलेली. मी दर खेपेला एक पट्टी दिली. महिन्याला दहा गोळ्या, म्हाताऱ्या विधवा बाईला, त्यात काय बिघडतं? माझा हिशेब असा होता.

दोनेक वर्षं गेली. टीचर बोलताना अडखळायला लागल्या. दुकानातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या डुलक्या घेत. कोपराला, पिंडरीला काळेनिळे डाग असत. विचारलं तर “दार लागलं” म्हणत. एकदा साडी उलटी नेसून आल्या. माझ्या मुलीचं नाव विसरल्या. अशी लक्षणं एखाद्या कॉलेजच्या मुलात दिसली असती, तर मी त्याला पायरी चढू दिली नसती. टीचरना बघून मी म्हटलं, वय झालं.

मग संक्रांत आली. आमच्याकडे संक्रांतीला एळ्ळु-बेल्ल वाटतात: तीळ, गूळ, सुकं खोबरं, शेंगदाणे, डाळं, सगळं एकत्र. घरोघर द्यायचं, बरोबर साखरेची साच्यातली चित्रं आणि उसाचं कांडं. टीचर दर वर्षी छोट्या पाकिटांत भरून सगळ्या गल्लीला द्यायच्या. कागद वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. जुनी पाकिटं उलटी करून, आतली कोरी बाजू बाहेर घेऊन, खळीने चिकटवून त्या नवी पाकिटं करत.

त्या वर्षी आम्हाला चार पाकिटं आली, माणशी एक. माझ्या मुलीने तिचं पाकीट टराटरा फाडलं, एळ्ळु तोंडात टाकलं आणि कागद टेबलावर सोडला. मी तो टेबल पुसायला म्हणून उचलला. आतल्या बाजूला मार्केटजवळच्या मेडिकलचं नाव छापलेलं होतं. त्याखाली पेनाने, आम्ही सगळे लिहितो तसं, गोळीचं नाव आणि ‘रात्री एक’.

मी बाकीची तीन पाकिटं फाडली. एक देवळासमोरच्या मेडिकलचं. एक खालच्या क्रॉसवरच्या, आडव्या गल्लीतल्या, नागराजचं. एक माझं, अक्षर माझं. चारही पाकिटांवर एकच गोळी.

टेबलावर तीळ सांडलेले आणि मी उभी. गल्लीत वीस-पंचवीस घरं. त्या सगळ्या पाकिटांना पुरतील इतके कागद टीचरच्या घरात होते.

मी त्याच दिवशी तिन्ही दुकानांत गेले. तिन्ही दुकानदार टीचरचे विद्यार्थी. एकानेही कधी शिक्का मारलेला नव्हता, म्हणून एकालाही दुसऱ्याचं कळलेलं नव्हतं. प्रत्येकाचा हिशेब माझ्यासारखाच: महिन्याला दहा, त्यात काय. पुढे पुढे त्या आठवड्याला येत होत्या, हेही सगळ्यांनी गोड मानून घेतलं होतं.

नागराज शाळेत माझ्या दोन वर्ग मागे होता. त्याने पाकीट बघितलं आणि स्टुलावर बसला. “अक्का, मी टीचरना कसं विचारणार? त्या दुकानात आल्या की मला अजून सतराचा पाढा विचारतील असं वाटतं.”

“आता विचारायचं नाही आणि द्यायचंही नाही. उद्यापासून कोणीच नाही.”

“एकदम बंद?”

“एकदम.”

“स्वल्प स्वल्प कमी करत गेलं तर? माझ्या मेव्हण्याची दारू सोडवली तेव्हा इस्पितळात...”

“नागराज, तू फार्मसी शिकलास की मी?”

 त्याच्या दुकानात टांगलेलं सर्टिफिकेट दुसऱ्याच कोणाचं होतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं, आणि मला ते त्या क्षणी वापरायचं होतं म्हणून मी वापरलं. “सरी अक्का, ठीक आहे,” तो म्हणाला.

मी शिकले होते, यात शंका नाही. या गोळ्या फार दिवस, फार प्रमाणात घेतल्या की शरीर त्यांच्यावर उभं राहतं. एकाएकी काढल्या तर झटके येऊ शकतात. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवत न्याव्या लागतात. पुस्तकात हे पान डाव्या हाताला होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं आणि त्याला पूर्ण मार्क मिळाले होते. पण त्या दिवशी मला पुस्तक आठवलं नाही. काउंटर आठवला. काउंटरवर नाही म्हणजे नाही, आणि नाही म्हणणारी म्हणून मी सगळ्या रस्त्याला माहीत होते.

दोन दिवसांनी सकाळी टीचर आल्या. बाकीच्या दुकानांतनं परत पाठवलेल्या होत्या, ते चेहऱ्यावर दिसत होतं. ओठ कोरडे. चिठ्ठी काउंटरवर ठेवली.

मी म्हटलं, “टीचर, बसा.”

“बसायला वेळ नाही शकू. गोळ्या दे.”

मी चार पाकिटांचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी एकेक उचलून पाहिला, वह्या तपासायच्या तसा. मग नीट एकावर एक ठेवले.

“संक्रांतीचे,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मीच चिकटवले.” त्या थोडंसं हसल्या. “बघ, कागद वाचवायला गेले.”

 मागे एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, ते मी हाताने थांबवलं. टीचर काउंटरवर वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “शकू, माझं चुकलंय. मला कळतंय. पण एकदम बंद नको करू. थोड्या दे. मी हळूहळू कमी करते. तूच ठरव किती. मी लिहून ठेवीन.”

ते वाक्य आलं. मी ते शंभर तोंडांतनं ऐकलेलं होतं. त्या शंभरांत एकजण ते खरं बोलू शकतो, आणि नेमकं तेच औषधशास्त्राच्या दृष्टीने बरोबर असतं, हे ऐकायला माझा तयार कान उपयोगी पडला नाही. शेवटचं तेवढं, “मी लिहून ठेवीन,” हे कुठल्याही नशेबाजाने मला कधी म्हटलं नव्हतं. तेही मी ऐकलं नाही.

मी चिठ्ठी उलटी केली. पाठ कोरी होती. शिक्का शाईवर दाबला आणि मारला. तारीख घातली, सही केली.

“टीचर, आता हे कुठे चालणार नाही. आठवडाभर त्रास होईल, मग झोप आपोआप येईल. दूध प्या, संध्याकाळी चाला.”

त्यांनी शिक्क्याकडे पाहिलं. चिठ्ठीची घडी केली, पर्समध्ये ठेवली. “तू म्हणतेस तर सरी,” म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या. मला वाटलं, झालं. इतक्या वर्षांत एवढं नीट काम मी केलं नव्हतं, असंही वाटलं. दुसरे डॉक्टर गाठा, असं मी त्यांना सांगायला हवं होतं. मीच त्यांना धरून न्यायला हवं होतं. दवाखाना चालत दहा मिनिटांवर होता. मी पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, काय हवं.

चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला टीचरची भाडेकरू धावत दुकानात आली. मृणाल तिचं नाव, पुण्याची, वर्षापूर्वीच कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला म्हणून आलेली.

“काकू, लवकर चला. आजी पडल्यात. फिट आल्यासारखं झालं, अंगणातच. मी ऑटो थांबवलाय पण त्यांना उचलता येत नाहीये.”

टीचर पारिजातकाखाली पडलेल्या होत्या. शुद्ध येत होती, जात होती. एक पाय चमत्कारिक वळलेला. फुलं वेचायची परडी उपडी झालेली. मृणाल, ऑटोवाला आणि मी, तिघांनी त्यांना चादरीवर घेऊन बाहेर काढलं. फाटकातनं चादर तिरकी करावी लागली.

ऑटोत मृणाल सारखी बोलत होती. “तीन दिवस झोपल्याच नव्हत्या काकू. हात इतके थरथरत होते, कप धरता येईना. मी म्हटलं आजी, आपण डॉक्टरकडे जाऊ, मी सुट्टी टाकते. तर म्हणाल्या, शकूने सांगितलंय आठवडा त्रास होणार, मग बरं वाटणार. माझी विद्यार्थिनी आहे, हुशार आहे, म्हणाल्या. मला वाटलं, तुम्ही डॉक्टर आहात.”

इस्पितळातल्या डॉक्टरांनी टीचरच्या पर्समधली चिठ्ठी वाचली, उलटली, शिक्का पाहिला. तरुण माणूस होता, माझ्या धाकट्या दिराच्या वयाचा.

“गोळ्या बंद कोणी केल्या?”

“मी.”

“एकदम?”

“हो.”

“तुम्ही फार्मसिस्ट?”

“हो.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने चिठ्ठी फाइलला टाचली आणि म्हणाला, “आधी झटके थांबवू. मग हाडाचं बघू.”

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. अमेरिकेहून मुलगा आला. मी त्याला सगळं सांगितलं, काही न वगळता. तो म्हणाला, “अक्का, तुम्ही आईसाठी बरंच केलंत.” याहून वाईट त्याला काही बोलता आलं नसतं.

टीचर परत त्या घरी गेल्या नाहीत. वॉकरशिवाय चालता येईना, पायऱ्या चढता येईनात. बनशंकरीला त्यांच्या पुतण्याच्या घरी तळमजल्यावर एक खोली मिळाली. पुतण्या भला, सून भली. पण ती खोली त्यांची नव्हती, आणि त्या घरात त्या स्वतःच्या पायांनी गेलेल्या नव्हत्या.

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू करून उतरवायचा तक्ता करून दिला. दर पंधरवड्याला थोडी कमी, मग अर्धी, मग पाव. तो पाळायची जबाबदारी मी घेतली. दुसरं काय घेणार होते? दर रविवारी मल्लेश्वरमहून निघायचं, मार्केटला बस बदलायची, बनशंकरीला पोचायचं. दाढीच्या पात्याने गोळ्या कापायच्या आणि सात पाकिटांत घालायच्या. टीचर पलंगावर बसून बघत. पहिले दोन महिने त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मग एका रविवारी एक तुकडा बोटाच्या टोकावर घेऊन म्हणाल्या, “हा पाव नाही. पावाहून मोठा आहे.” बघितलं तर खरंच मोठा होता. मी तो टाकून दुसरी गोळी कापली. त्या दिवशी बसमध्ये मला पुष्कळ हलकं वाटलं, आणि असं हलकं वाटायचा मला काय अधिकार आहे, असंही वाटलं.

तक्ता संपायला वर्षाच्या जवळपास लागलं. एका रविवारी मी रिकाम्या हाताने गेले. न्यायला काही उरलंच नव्हतं. टीचर खिडकीशी बसल्या होत्या. बोलणं स्वच्छ झालं होतं, नजर पूर्वीची. माझ्या मुलीची नावासकट चौकशी केली, बारावीला गणित घेतलंय का विचारलं. एवढी हुशार बाई दोन वर्षं माझ्या समोरच्या खुर्चीवर डुलक्या घेत होती आणि मी तिला म्हातारी म्हणत होते.

“उत्तर बरोबर होतं तुझं, शकू,” त्या एकदम म्हणाल्या. “गोळ्या बंद व्हायलाच हव्या होत्या.”

मी वाट बघितली.

“रीत लिहिली नाहीस.”

“निम्मे मार्क कापले का, टीचर?”

त्यांनी दाराशी उभ्या केलेल्या वॉकरकडे पाहिलं. मग सुनेला हाक मारली, “कॉफी झाली का गं? शकूला साखर कमी घाल.”

मी दुकान त्यानंतरही बरीच वर्षं चालवलं. शिक्का सगळ्यांच्या चिठ्ठीवर मारला. सासऱ्यांच्या, माझ्या नवऱ्याच्या, देवळातल्या भटजींच्या. लोक रागावले. “अक्का, आम्हाला पण?” मी म्हणायची, तुम्हालाच. नागराजनेही शिक्का करून घेतला. खोकला करून दाखवणाऱ्या मुलांना हाकलायचं मी सोडलं नाही, पण हाकलण्याआधी बसवून घ्यायला लागले, आणि ‘थोड्या द्या’ म्हणणाऱ्याला पत्ता लिहून न देता स्वतः दवाखान्याच्या दारापर्यंत नेऊन सोडायला लागले. दहातले आठ दारातनंच पळून जायचे. दोन आत जायचे.

टीचर गेल्या त्या बनशंकरीच्या खोलीतच. तेराव्याला पुतण्याने माझ्या हातात एक लिफाफा दिला, “काकूने तुमच्यासाठी ठेवलाय.” आत ती चिठ्ठी होती. इस्पितळाच्या फाइलमधनं त्यांनी ती कधी मागून घेतली, कोणास ठाऊक. टाचणीची दोन भोकं होती. पत्र, ओळ, काही नव्हतं.

मी ती उलटी केली. दोन वर्षांत चार दुकानांचे जितके शिक्के त्या पाठीवर पडायला हवे होते, तितके पडले असते तर तिथे जागा उरली नसती. एकच आहे. मधोमध, सरळ, अक्षरन् अक्षर वाचता येतं असा. खाली तारीख आहे. सही माझी आहे.